लग्न साधे, पंगत भरपूर

कापसाचे वेचे संपत आले, तूर मळून झाली, की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वस्तीवस्तीतून एकच विषय निघतो : यंदा मुलीचे लग्न. वणी असो की पुसद, दारव्हा असो की पांढरकवडा, बोलणे सारखेच. साक्षगंध झाले, तारीख ठरली, आता पैसा कुठून आणायचा? आणि या प्रश्नाच्या मागोमाग दुसरा येतो, तो आमच्या आयाबहिणींच्या तोंडी जास्त : "पाव्हण्यायले बरोबर जेवू नाई घातलं, त लोकं काय म्हनतीन?"

या दोन्ही प्रश्नांचा आज आम्ही एकत्र विचार करणार आहोत. कारण हे प्रश्न एकमेकांचे वैरी आहेत असे आम्हाला वाटत नाही. थोडक्या पैशात लग्न होते आणि पाहुणाही तृप्त होऊन जातो. फक्त कशाला पैसा सोडायचा आणि कुठे हात आखडायचा, हे मांडव पडण्याआधी ठरले पाहिजे.

कर्जाचा हिशेब आधी

आधी एक साधा हिशेब करू. लग्नासाठी कुणाकडून एक लाख रुपये शेकडा पाच दराने आणले, तर महिन्याचे व्याज पाच हजार झाले. वर्षाचे साठ हजार. रोजी तीनशे रुपये धरली, तर हे दोनशे दिवसांचे कष्ट झाले. म्हणजे वर्षातले दोनशे दिवस एक माणूस उन्हातान्हात राबेल आणि त्यातला एक पैसाही घरात येणार नाही. मुद्दल जिथल्या तिथे. एका दिवसाच्या डीजेसाठी, दारूकामासाठी, दोन तासांच्या वरातीसाठी हा सौदा आपल्याला परवडतो काय?

आपला जिल्हा कर्जाने काय होते हे पाहिलेला जिल्हा आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे यवतमाळचे नाव देशभर झाले, ते आपल्याला नको होते. प्रत्येक घराचे दुःख वेगळे, कारणेही अनेक. पण नापिकीच्या वर्षात डोक्यावर लग्नाचे कर्ज असले, तर माणसाचा कणा लवकर मोडतो, हे सांगायला कुण्या तज्ज्ञाची गरज नाही. आणि हे कर्ज पहिल्यांदा बसते ते धाकट्या मुलीच्या शिक्षणावर. थोरलीच्या मांडवाचे पैसे फेडता फेडता धाकटीचे कॉलेज सुटते.

थाट करावासा का वाटतो?

काही शिकलेली मंडळी आपल्या लोकांना उधळे म्हणून मोकळी होतात. आम्ही तसे म्हणणार नाही. थाट करावासा वाटतो त्याला इतिहास आहे.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या पुस्तकात काही प्रसंग नोंदवले आहेत. इंदूर भागातील बलाई समाजावर १९२८ साली गावच्या सवर्णांनी नियम लादले. पुरुषांनी जरीकाठी पागोटे बांधू नये, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, असे ते नियम. दुसरा प्रसंग जयपूर संस्थानातील चकवारा गावचा, १९३६ सालचा. यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या जातभाईंना जेवण दिले. चांगले जेवण, तुपाचे. पंगत बसली असताना शेकडो लोक लाठ्या घेऊन चालून आले, अन्नाची नासाडी केली, जेवणाऱ्यांना मारले. गुन्हा काय, तर पानात तूप होते!

ज्यांच्या आजा-पणजाला पानात तूप वाढायची मनाई होती, त्यांच्या नातवाला पोरीच्या लग्नात चार पदार्थ वाढावेसे वाटणे ही चैन नव्हे, ते स्वाभिमानाचे आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की पंगतीवर हात आखडू नका. पाहुण्यांना पोटभर, मानाने, ऊनऊन जेवू घाला. मात्र चकवाऱ्याच्या माणसाने आपल्या लोकांना जेवू घातले होते, त्याने डीजे लावला नव्हता. मान पंगतीत आहे. बाकीचा बराचसा थाट आपण इतरांचे पाहून उचललेला आहे.

बाबासाहेबांची दोन लग्ने

बाबासाहेब आणि माता रमाई यांचे लग्न मुंबईत भायखळ्याच्या बाजारात झाले. कार्यालय नव्हते, मंडप नव्हता. संध्याकाळी बाजार उठला, मग रात्री त्या उघड्या छपराखाली एका बाजूला वराकडची मंडळी आणि दुसऱ्या बाजूला वधूकडची मंडळी बसली. दगडी ओट्यांची बाके झाली. सकाळी कोळणी मासे घेऊन यायच्या आत जागा रिकामी केली. त्या लग्नाला काही कमी पडले असे आज कुणी म्हणेल काय?

बाबासाहेबांचे दुसरे लग्न १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत राहत्या घरी झाले. तेव्हा ते देशाचे कायदेमंत्री होते. मनात आणते तर दिल्ली दणाणून सोडता आली असती. त्यांनी मोजक्या मंडळींच्या साक्षीने नोंदणी विवाह केला. गरिबीतले लग्न साधे झाले आणि मंत्रिपदावर असतानाचेही साधेच झाले.

त्याही आधी महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने हा रस्ता घालून दिला होता. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजी नाही, फाफटपसारा नाही. सावित्रीबाई त्यात पुढाकाराने होत्या.

विधीला खर्च किती?

४ डिसेंबर १९५६ रोजी, महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, बाबासाहेबांनी एका पत्रात बौद्ध विवाहाची रीत सांगितली. होम नको, सप्तपदी नको. वधूवरांच्या मध्ये एका स्टुलावर मातीचे नवे मडके पाण्याने काठोकाठ भरून ठेवावे. सुती धाग्याचा मध्य त्या पाण्यात सोडावा, दोन टोके दोघांनी हातात धरावी. कुणीतरी मंगलसुत्त म्हणावे. दोघांची वस्त्रे पांढरी असावी.

याचा खर्च मांडून बघा. मडके, सुताचे रीळ, मेणबत्त्या, अगरबत्ती, फुले, दोन हार. विहारातील बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा. त्रिसरण-पंचशील, मंगलसुत्त, वधूवरांच्या प्रतिज्ञा, बौद्धाचार्यांचे चार शब्द. तासाभरात लग्न लागते. पांढरी सुती साडी पुढे कितीतरी वेळा नेसता येते. विधीची पांढरी साडी उतरवून लगेच पंधरा हजारांचा शालू नेसवायचा, तर मग त्या साधेपणाला अर्थ काय उरला?

मुहूर्त नाही, हीच मोठी बचत

आपण मुहूर्त मानत नाही. पण गंमत अशी की मुहूर्त न मानणारी मंडळीही तारीख मात्र एप्रिल-मेच्या ऐन लगीनसराईतलीच धरतात. त्या दिवसांत बिछायत केंद्रवाला, आचारी, गाडीवाला, बॅंडवाला सगळ्यांचे भाव चढलेले. वर बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री ऊन. पाण्याची बोंब वेगळी. २०१८ च्या उन्हाळ्यात खुद्द यवतमाळ शहराचे पाण्यावाचून काय हाल झाले ते सर्वांनी पाहिले.

त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारी धरा. शेतमालाचे पैसे हाती येत असतात. वांगी, टमाटर, कोबी, पालक, सांबार बाजारात मुबलक आणि स्वस्त. अन्न लवकर आंबत नाही. पाहुण्यांना अंगणात, विहाराच्या ओट्यावर बसवता येते, कूलर लागत नाही. रविवार किंवा सुट्टीचा दिवस धरला तर मजुरीवाल्यांची रोजी बुडत नाही आणि परवानगी घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खोल्याही पाहुण्यांसाठी मिळू शकतात.

यादी करा, तीही दोन्ही घरांनी मिळून

अर्धे लग्न यादीत असते. वधूकडच्यांनी सगळ्या वऱ्हाडाला जेवू घालायचे आणि वरपक्षाने पुन्हा आपल्या गावी वेगळे 'रिसेप्शन' द्यायचे, म्हणजे एकाच आनंदाला दोनदा पैसे मोजायचे. त्यापेक्षा दोन्ही व्याह्यांनी एका चटईवर बसावे, एकच पंगत ठरवावी आणि खर्च निम्मानिम्म वाटून घ्यावा. हे बोलणे साक्षगंधाच्या वेळीच व्हावे, मागाहून रुसवेफुगवे नकोत.

वहीत घर लिहा आणि घरापुढे माणसे लिहा. चूलबंद आवतण कुणाला, एकट्याला कुणाला, हे स्पष्ट असू द्या. पत्रिका पन्नासच छापा. बाकीच्यांना फोन करा, मोबाईलवर पत्रिका पाठवा. मात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे, थोरल्या आत्याकडे, मामाकडे स्वतः जा. त्यांना छापील कागदापेक्षा तुमचे येणे मोठे वाटते.

पंगतीचा अंदाज

जेवण काय करावे? आपल्या वऱ्हाडातले आलू-वांग्याचे रस्सेदार कालवण, पुरी, वरण-भात, एक गोड आणि मठ्ठा. एवढे मनापासून केले आणि गरम वाढले तर कुणी उणे काढत नाही. सात पदार्थ गार वाढण्यापेक्षा चार पदार्थ ऊन वाढलेले बरे. पनीर, आईस्क्रीम, चायनीजचे स्टॉल यांनी पोट भरत नाही, पैसा मात्र जातो.

शंभर मोठ्या माणसांचा अंदाज असा धरावा : तांदूळ आठ ते दहा किलो, तूरडाळ चार ते पाच किलो, पुरीसाठी कणीक दहा-बारा किलो, वांगी-बटाटे मिळून पंधरा ते अठरा किलो, तयार बुंदी सात-आठ किलो, मठ्ठा वीस लिटर. दोन लहान मुले म्हणजे एक माणूस. यादी तीनशेची असेल तर तिप्पट करा आणि वर दहावा हिस्सा तांदूळ-डाळ कोरडी हाताशी ठेवा. माणसे वाढली तर वरण-भात अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा होतो, न लागल्यास धान्य घरात राहते. शिजवलेले अन्न मात्र उरले की वाया जाते. गोडात बुंदी घ्यावी. दुधाचे पदार्थ लवकर नासतात आणि पाहुणे आजारी पडले तर सगळ्या लग्नाचे नाव जाते.

आचारी एक चांगला घ्या. पुऱ्या लाटायला वस्तीतल्या महिला मंडळाच्या बायांना बोलवा, पण फुकट नव्हे, मोल ठरवून. बाहेरच्या कॅटरिंगवाल्याला जाणारा पैसा आपल्या बायांच्या हाती पडेल. त्या दिवशी चुलीपुढे बसणारी बाई सगळ्यात शेवटी, उरलेसुरले खाते, ही रीतही मोडू या. त्यांची ताटे आधीच काढून झाकून ठेवा.

पत्रावळी पळसाच्या वापरा. आपल्या भागात पळस मुबलक आहे आणि थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे. त्याहून चांगला उपाय म्हणजे प्रत्येक विहाराने वर्गणी काढून दोनशे-तीनशे स्टीलची ताटे, पेले, चार मोठे गंज, कढया, झारे आणि दोन सतरंज्या एकदाच घ्याव्या. ज्याच्या घरी कार्य असेल त्याने नेऊन धुऊनपुसून परत करावे आणि विहाराला थोडे धम्मदान द्यावे. पाचदहा लग्नांत त्या भांड्यांचा पैसा वसूल होईल.

पाहुणचार पैशाने होत नाही

पहिला पाहुणचार म्हणजे वेळ पाळणे. पत्रिकेवर सकाळचे अकरा, नवरदेवाची वरात डीजेपुढे नाचत येते दोन वाजता आणि लग्न लागते तीनला. तोवर म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, डायबिटीसचे पेशंट उपाशी ताटकळत बसतात. असल्या लग्नात लाखाचा मंडप असला तरी तो पाहुण्यांचा अपमानच. ज्याला बारा वाजताची एस.टी. पकडायची आहे, त्याचा विचार कोण करणार?

दुसरा पाहुणचार पाणी आणि सावली. माणूस आला की आधी पाण्याचा पेला हातात द्या. चार तरुण पोरे फक्त याच कामाला लावा. तिसरा पाहुणचार झोपायची सोय. नागपूर, चंद्रपूर, मुंबईहून आदल्या रात्री येणाऱ्यांना लॉज नको. पूर्वी गल्लीतले प्रत्येक घर एकदोन कुटुंबे आपल्याकडे ठेवून घ्यायचे, सकाळी आंघोळीला ऊन पाणी आणि चहा द्यायचे. ती रीत पुन्हा सुरू करा. कुणाच्या घरी कोण, हे आदल्या आठवड्यात कागदावर लिहून ठेवा. बायकांसाठी संडास-मोरीची सोय कुठे आहे, हे एका जबाबदार बाईने येणाऱ्या प्रत्येकीला सांगावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पंगत एकच. विहिणीला वेगळे ताट, जावयाला वेगळी खुर्ची आणि गरीब आत्या कोपऱ्यात, असे आपल्या मांडवात होऊ नये. ज्यांना शतकानुशतके पंगतीबाहेर बसवले, त्यांच्या पंगतीत वरचे-खालचे कसे चालेल? पहिल्या पंगतीला म्हातारी माणसे, लहान मुले, गरोदर बाया आणि दूर जाणारे. मग बाकीचे. घरधनी आणि नवरदेवाचे वडील वाढायला उभे राहिले की पाहुण्याला आपोआप मान मिळतो.

काय टाळावे, काय ठेवावे

टॉवेल-टोपी, ब्लाऊजपीस यांची देवाणघेवाण सरसकट बंद करावी. या घरचा टॉवेल त्या घरी जातो आणि वर्षभराने फिरून येतो, मधल्यामधे दुकानदाराचे भागते. आहेर रोख घ्यावा, वहीत लिहावा. पण तो पैसा खर्चाच्या हिशेबात आधीच धरू नये. आहेराची वही म्हणजे उसनवारीची वही असते, ते पैसे पुढेमागे फेडायचे असतात. जवळच्या नातलगांना सरळ सांगावे : भांडीकुंडी नको, कुणी तांदळाचा कट्टा द्या, कुणी तेलाचा पिपा, कुणी मंडपाचे भाडे. जुन्या माणसांत हे चालत होते, त्यात कमीपणा नाही.

डीजेबद्दल तरुण पोरे आमच्यावर रागावतील. पण रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला कायद्यानेच मनाई आहे. नाचायचे असेल तर वस्तीतल्या भजनी-गायन मंडळाला बोलवा, भीमगीतांवर नाचा. म्हातारीकोतारीही टाळ्या वाजवतील.

हुंडा देणे आणि घेणे, दोन्ही १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. मोटारसायकल, 'पोशाखाचे पैसे', 'पोराच्या नोकरीसाठी भरलेले' ही त्याचीच टोपणनावे. मुलीला खुशीने काही दिले तर त्याची यादी करून दोन्हीकडच्या सह्या घ्या. मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस पूर्ण हवेतच. लग्नानंतर लगेच ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत नोंदणी करा. तो कागद मुलीला आयुष्यभर कामी येतो.

सामूहिक विवाहात लग्न लावायचे असेल तर सामाजिक न्याय विभागाची एक योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांनाही तिचा लाभ मिळतो. रक्कम आणि अटी बदलत असतात, म्हणून यवतमाळच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा. योजनेचे नाव 'कन्यादान' आहे. मुलगी दान द्यायची वस्तू नाही असे आपण मानतो, पण नावावर रुसून हक्काचा पैसा सोडू नये. पैसे कमी पडलेच तर बचत गटाकडे किंवा बँकेकडे जा. परवाना नसलेला सावकार दारात आला तर २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार करता येते.

चौथा भाग मांडवात आणू नका

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्यात, आणि चौथा भाग संकटासाठी राखून. हा रोजच्या मिळकतीचा हिशेब आहे, लग्नाचा नव्हे. तरी त्यातला चौथा भाग आपण उचलू. लग्नासाठी जमवलेल्या पैशातला चौथा हिस्सा आधीच बाजूला काढा आणि नवरा-नवरीच्या जोडखात्यात टाका. साठ हजार जमले असतील तर पंधरा हजार त्यांचे, मांडव पंचेचाळीस हजारांतच बसवायचा. तो पैसा मागायचा कुणालाही अधिकार नाही, आईबापालाही नाही. कुणी त्यातून शिलाई मशीन घेईल, कुणी शेळ्या घेईल, कुणी अर्धवट राहिलेले डी.एड. पुरे करील.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो बायांना सांगितले होते की लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याची ताकद आल्याशिवाय मुलांवर लादू नका. आणि मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे. बरोबरीने उभे राहायला पायाखाली थोडी जमीन लागते. कर्जाच्या मांडवातून निघालेल्या मुलीला ती कोण देणार?

तेव्हा आयाबहिणींनो, यंदा ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी येत्या रविवारी दोन्हीकडची चार-चार माणसे विहारात बसवा. एक वही घ्या. पहिल्या पानावर जमलेला पैसा लिहा, त्यातला चौथा भाग वजा करा, मग पाहुण्यांची यादी, मग पंगत, मग बाकीचे. त्यापुढे पैसा उरला नाही, तर लग्नात तेवढे कमी. लोक काय म्हणतील? जे पोटभर जेवून, वेळेवर आपल्या एस.टी.त बसतील, ते चांगलेच म्हणतील.

जयभीम!